डुकाटी स्क्रॅम्बलर ८०३: बडोद्यातली सहा वर्षं आणि विश्वामित्रीचं पाणी

बडोद्यात सिग्नलला थांबलो की दोन प्रश्न ठरलेले, पहिला 'केटलानी आवे?' म्हणजे केवढ्याला येते, आणि दुसरा 'सर्व्हिस कुठे करता?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे, मी २०१९ च्या जानेवारीत सेकंड हँड घेतली, ९ हजार किलोमीटर चाललेली, पाच लाखांच्या जरा आत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सिग्नलवर देता येत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

गाडी आहे डुकाटी या इटालियन कंपनीची स्क्रॅम्बलर आयकॉन मोटरसायकल, पिवळी. ८०३ सीसी, दोन सिलेंडर, एअर कूल्ड, पुढे एक छोटा ऑइल कूलर. रेडिएटर नाही, पाण्याची नळी नाही, पंखा नाही. एक सिलेंडर जवळजवळ आडवा पुढच्या चाकाकडे तोंड करून आणि दुसरा उभा तुमच्या मांड्यांच्या मध्ये, दोघांत ९० अंशाचा कोन, म्हणून याला एल-ट्विन म्हणतात. पेट्रोलच्या झाकणावर 'बॉर्न फ्री १९६२' कोरलंय कारण मूळची स्क्रॅम्बलर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिनर या आयातदार भावांच्या आग्रहाने निघाली होती, ती एका सिलेंडरची. आताचं इंजिन तिच्याशी नात्यातलं नाही, ते फाबिओ टालिओनी या डुकाटीच्या इंजिनियरच्या पँटा नावाच्या मोटरसायकलवरून उतरत आलंय, साधारण १९८० च्या आसपासची. म्हणजे मूळ डिझाइन जुनं आहे, आणि मला तरी तेच आवडतं, कारण जुनं डिझाइन म्हणजे डोळ्यांना दिसणारं इंजिन. टाकी वर केली की सगळं समोर.

चालवायला कशी? हलकी. सीट ७९० मिमी उंच, माझी उंची ५ फूट ६ इंच, दोन्ही पाय टेकतात. रावपुऱ्याच्या गर्दीत हँडल रुंद असल्याने सहज वळते पण मे महिन्यात मागच्या सिलेंडरची उष्णता मांडीला जाणवते, जीन्सशिवाय शहरात नेऊ नका. हायवेवर १०० ते ११० ला ती खूष असते, त्याच्या वर वारा छातीवर येतो, काच नाही ना. सस्पेन्शन कडक आहे, आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर पाठीला कळतं. ॲव्हरेज मला १९ ते २० मिळतो, टाकी साडेतेरा लिटरची. रविवारी पहाटे हालोलमार्गे पावागढ आणि तिथून पुढे जांबुघोड्याच्या जंगलातला रस्ता, ही तिची जागा आहे, दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेताना आडव्या सिलेंडरचा तो ठोका पायांतून वर येतो आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून जो फटफट आवाज येतो त्यासाठी मी अजूनही हेल्मेटमध्ये गाणी लावत नाही. परतीला सेव उसळ, तर्री जास्त, पाव चार.

आता मुद्द्याचं.

२०२४ ची जन्माष्टमी, २६ ऑगस्ट. त्या दिवसापासून पाऊस थांबला नाही आणि विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडली, मग ती ३५ च्याही वर गेली. आम्ही समा भागात राहतो. मंगळवारी सकाळी पार्किंगमध्ये कंबरेइतकं पाणी, लाइट गेलेली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मगरींचे व्हिडिओ, त्यामुळे खाली उतरायला कुणी तयार नाही. गॅलरीतून मला फक्त गाडीचे आरसे आणि टाकीचा वरचा पिवळा भाग दिसत होता. दोन दिवस तसाच बघत बसलो. खोटं कशाला सांगू, रडायला आलं.

पाणी उतरल्यावर शेजारच्या दादांनी चांगल्या मनाने म्हटलं, एकदा सेल मारून बघ, चालू होईल. ज्यांच्या गाड्या कधी पाण्यात बुडतील त्यांच्यासाठी हे एकच वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं: सेल मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरंच इंजिन संपलं. त्यात या इंजिनाचा पुढचा सिलेंडर आडवा, त्याचा एक्झॉस्ट खालच्या बाजूला, सायलेन्सर खाली उजवीकडे, म्हणजे पाण्याला आत जायला सरळ वाट. मी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग दोन्ही प्लग काढले, मागचं चाक स्टँडवर उचललं, वरचा गिअर टाकून चाक हाताने हळूहळू फिरवलं. पुढच्या प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली, मागच्यातून थोडंच. चाक पूर्ण फिरलं, कुठे अडकलं नाही, तेव्हा जीवात जीव आला.

ऑइल खोललं तर चहाच्या रंगाचं, घट्ट, दुधाळ. स्वस्तातलं ऑइल भरून, हाताने फिरवून, काढून, असं तीन वेळा केलं तेव्हा कुठे ते ऑइलसारखं दिसायला लागलं. क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो त्यामुळे त्याच्या प्लेटाही काढून पुसाव्या लागल्या. टाकी रिकामी केली, एअरबॉक्समधून दीड मग पाणी आणि एक पिंपळाचं पान निघालं. वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक जरी सुटला तर सहा महिन्यांनी आत हिरवं होऊन तुम्हाला भर रस्त्यात उभं करतो.

एका वर्कशॉपला फोन केला होता. गाडी न बघता सांगितलं की इंजिन बदलायचं, आणि आकडा जो सांगितला त्यात दुसरी सेकंड हँड गाडी आली असती. नाव लिहीत नाही, पण गाडी न बघता निदान करणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. दुसरं म्हणजे बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, कुठेही न्यायची तर टेम्पो आलाच. मग मकरपुऱ्यात मी काम करतो त्या टूलरूमजवळ जे काका तीस वर्षं बुलेट आणि लूनापासून सगळं खोलतात त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी व्हॉल्व्ह चालवणाऱ्या बेल्टची कव्हरं काढली, आत टॉर्च मारली आणि म्हणाले, 'भाई, आमां शुं अघरुं छे?' यात अवघड काय आहे. मला तो क्षण आठवतो कारण पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी घाबरलं नव्हतं.

लोक डुकाटीला घाबरतात ते डेस्मोमुळे, म्हणजे तिच्या व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या पद्धतीमुळे. नेहमीच्या इंजिनात व्हॉल्व्ह (सिलेंडरची झडप) उघडतो रॉकर, म्हणजे एक छोटा दांडा, आणि बंद करते स्प्रिंग. इथे उघडायला एक रॉकर आणि बंद करायला दुसरा, स्प्रिंगच्या भरवशावर काही नाही. टालिओनीने हे १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसिंग गाडीवर लावलं आणि स्वीडनला पहिल्याच शर्यतीत ती जिंकली. तर यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन शिम (गॅप बरोबर ठेवणारे मोजून बसवायचे छोटे तुकडे) आणि दोन गॅप, उघडायचा वेगळा आणि बंद करायचा वेगळा, आणि दर १२ हजार किलोमीटरला ते तपासायचे. पण स्क्रॅम्बलरला सिलेंडरमागे दोनच व्हॉल्व्ह. म्हणजे एकूण चार व्हॉल्व्ह, आठ शिम. बस. यात जादू नाही, मोजणं आहे, आणि मोजणं हे माझं रोजचं काम आहे.

मागच्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या खाचेत किंचित आत बसला होता (हे वापराने होतं, पुराचा संबंध नाही) त्यामुळे उघडायचा गॅप कमी आणि बंद करायचा जास्त. उघडणारी शिम पातळ करायची असते, ती आमच्या सरफेस ग्राइंडरवर काकांना शेजारी बसवून ०.०५ मिमी घासली, थोडं घासून मायक्रोमीटर, परत थोडं घासून मायक्रोमीटर, एक तास गेला एका बटणाएवढ्या तुकड्यासाठी. बंद करणारी मात्र आधीपेक्षा जाड लागते, ती घासून मिळत नाही, ती मागवावी लागली. बेल्टही दोन्ही नवे, कारण आत गाळ शिरला होता, आणि दात असलेला रबरी बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात, तिथे काटकसर नाही. पार्ट यायला पाच आठवडे लागले. ही या गाडीची खरी अडचण, दुरुस्ती नाही, वाट बघणं. बेल्ट, क्लचचा संच, फिल्टर, हे मी आता घरात आगाऊ ठेवतो.

बेल्टचा ताण कसा बघायचा, तर बोटाने छेडायचा आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी फोनवरच्या ट्यूनर ॲपने मोजायची. मी दोन्ही बेल्ट लावले, ॲपवर आकडा डळमळत होता, बाबा तिथे चहा घेऊन उभे होते, ते दांडिया बाजारातल्या जुन्या घरी असल्यापासून पेटी वाजवतात. म्हणाले, परत वाजव. दोन्ही वाजवले. 'उभ्याचा उतरलाय रे, पाव सुरापेक्षा कमी असेल, पण उतरलाय.' बेल्टला ताण देणारा रोलर जरासा सरकवला, परत छेडला, त्यांनी मान हलवली, मग ॲपवर बघितलं तर दोन्ही आकडे सारखे. आता बेल्टचं काम असलं की बाबांना खाली बोलावतोच.

१० ऑक्टोबरला रात्री पहिल्यांदा सेल मारला. तिसऱ्या प्रयत्नात पकडली, पंधरा मिनिटं सायलेन्सरमधून पांढरी वाफ, आणि मग तो ओळखीचा ठोका. दोन दिवसांनी दसरा, टूलरूममध्ये मायक्रोमीटर आणि ग्राइंडरची पूजा झाल्यावर झेंडूचा एक हार गाडीला घेऊन आलो. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन होतं आणि सेल मारला नव्हता हे सर्व्हेयरने प्लगच्या फोटोंवरून मान्य केलं म्हणून बराच खर्च परत मिळाला, तेव्हा ते ॲड-ऑन घ्या आणि काहीही उघडण्याआधी फोटो काढा. मीटरच्या काचेत पावसाळ्यात अजून थोडं धुकं धरतं. पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलले. बाकी आज ३८ हजार किलोमीटरला गाडी जशी होती तशी आहे, उलट व्हॉल्व्हचा आवाज आधीपेक्षा शांत.

घ्यावी का? फक्त शोरूममध्ये चावी देऊन संध्याकाळी गाडी न्यायची सवय असेल तर बडोद्यात राहून घेऊ नका, त्रास होईल. हात काळे करायला आवडत असेल तर सेकंड हँड जरूर बघा, पण बेल्ट कधी बदलले त्याचं बिल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, किलोमीटर कमी असले तरी पाच वर्षं झाली की बदलायचेच असतात. कारेलीबागेतल्या एका मुलाने गेल्या महिन्यात अशीच घेतलीय, त्याची शिम येत्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये मोजायचीय, काका सकाळी आठला येणार आहेत. बडोद्यात अजून कुणाकडे असेल तर या, फिलर गेज आणि टॉर्क रेंच माझ्याकडे आहे, इंजिन मात्र थंड पाहिजे, म्हणजे गाडी आदल्या रात्रीच आणून लावा.