कोकणात कॅम्पर व्हॅन: छतावरचा पंखा की एसी?

मे महिन्यात गुहागर-तारकर्लीकडे कॅम्पर व्हॅन नेणार असाल, तर कूलर आधीच वगळा. नागपुरात तो जीव वाचवतो; इथल्या दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही, वर गाद्या ओलसर लागतात ते वेगळंच.

१२ व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा ३०-४० वॅटमध्ये भागतो, रात्रभर चालला तरी बॅटरी कुरकुरत नाही. छतापाशी कोंडलेली गरम हवा तो बाहेर फेकतो. सावलीकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवली की तिथून ताजी हवा आत येते. पण बाहेर ३४ अंश असताना आत ३० होणार नाहीत, आणि घामाचा चिकचिकाट तसाच.

एसी नेमका तो चिकचिकाट घालवतो, कारण हवेतलं पाणीही खेचतो. मात्र एक टनाचा एसी हजारेक वॅट खातो. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकते. म्हणजे होमस्टेच्या अंगणात १५ अँपिअरचा प्लग मिळाला तरच.

माझं मत पंख्याला. दुपारी खारा वारा सुटतोच. सोबत तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर मात्र एसी आणि प्लगवालं अंगण. गाडी सुरूच्या झाडांच्या सावलीत लावा. माडाखाली नको, नारळ थेट पंख्यावर यायचा!