बाळाचा बाप्तिस्मा आत्ता, की कळत्या वयात?

आई कॅथलिक, बाबा बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ), घर ठाण्यात. बाळ झालं की बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या विधीचा, हा पेच येतोच.

कॅथलिकांच्या लेखी देवाची कृपा आधी, समज नंतर. जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने मांडलेल्या आदिपापाच्या (माणूस जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतो, या) विचाराने बाळांच्या बाप्तिस्म्याला बळ दिलं. १५२५ मध्ये झ्युरिकच्या, मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी उलटं धरलं: आधी विश्वासाची कबुली, मग पाणी. बॅप्टिस्टही तेच मानतात, म्हणून तिथे मुलाने स्वतः बोलायचं आणि पूर्ण पाण्यात बुडायचं.

तयारीत घोळ होतो तो धर्मपित्यावरून, म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेऊन बाप्तिस्म्याला उभा राहतो त्याच्यावरून. कॅथलिक चर्चला तो साधारणपणे किमान १६ वर्षांचा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) झालेला कॅथलिक लागतो. बॅप्टिस्ट काका कॅथलिक धर्ममातेसोबत फक्त साक्षीदार म्हणून उभे राहू शकतात. हे काकांना आधीच सांगा. ऐन वेळी मनं दुखावतात.

कॅथलिक चर्च पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा दुसरीकडचा असला तरी मानतं आणि पुन्हा देत नाही. बहुतेक बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र बाळपणीचा धरत नाहीत.

मूल कॅथलिक म्हणून वाढवायचं पक्कं असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच उरका. तसं ठरलं नसेल तर थांबणंच प्रामाणिक; तोवर अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत बाळाचं समर्पण (पाण्याशिवाय, प्रार्थनेने बाळाला देवाच्या हाती सोपवणं) करता येतं. आजी-आजोबांचं मन राखायला मात्र बाप्तिस्मा उरकू नका.