नमुना एक, माल दुसरा: ‘मिल्क प्रोटीन’च्या डब्यात निघालेली दूध पावडर

केसांचं मिस्ट, म्हणजे केसांवर मारायचा फवारा, करताना आम्लाची पायरी शेवटी येते. डिस्टिल्ड पाणी, ३ टक्के ग्लिसरीन, १ टक्का हायड्रोलाइज्ड मिल्क प्रोटीन, माल टिकवणारे सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट एकजीव झालं की सायट्रिक आम्लाचं पाणी थेंब थेंब घालून पीएच ४.८ च्या आसपास आणतात. बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका गृहउद्योगात १० लिटरचं पातेलं याच पायरीला नासलं. नासलं म्हणजे अगदी दुधासारखं नासलं. पीएच पट्टी ५ च्या खाली उतरली आणि पांढरे कण सुटले, पळीला चिकटले, कडेला जमले, मधे गढूळ निवळी. लिंबू पिळून पनीर करताना जे दिसतं तेच.

दुकानदाराला फोन केल्यावर उत्तर तयार होतं: “बेन, माल एकदम प्योर छे, तुमचं पाणी खारं असेल.” पाणी डिस्टिल्ड होतं.

दुधातल्या प्रोटीनचा सुमारे ८० टक्के भाग केसिन असतो, उरलेला व्हे, म्हणजे निवळीतलं प्रोटीन. केसिन पीएच ४.६ ला पाण्यातून बाहेर पडतं, म्हणून दही लागतं आणि दूध फाटतं. हायड्रोलाइज्ड म्हणजे एन्झाइमने हेच प्रोटीन बारीक तोडलेलं. केसिनचा एक रेणू २० हजार डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास असतो. तोडल्यावर तुकडे काहीशे ते काही हजार डाल्टनचे राहतात. नीट तोडलेला माल आम्लातही विरघळलेलाच राहतो, फार तर किंचित धुरकट दिसतो. पीएच ५ च्या वर बेंझोएट जवळजवळ निकामी होतं आणि सॉर्बेटही कमजोर पडत जातं, त्यामुळे आम्ल टाळून सुटका नाही. दूध पावडर घातलेलं मिस्ट आम्ल दिलं तर फाटतं, नाही दिलं तर थोड्याच दिवसांत आंबून बाटली फुगते.

फसवणूक कशी झाली ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी ५० ग्रॅमचा नमुना आला. तो अस्सल होता: फिकट पिवळसर, हात लावला की चिकट होणारा, पाण्यात स्वच्छ विरघळणारा, सूपसारख्या वासाचा. त्यावर विश्वास ठेवून २ किलोची ऑर्डर गेली आणि डबा आला तो पांढरा शुभ्र, गोडसर वासाचा. डब्यासोबत तपासणी प्रमाणपत्रही आलं, पण त्यावरचा बॅच नंबर नमुन्याच्या पाकिटाचा होता, डब्याचा नव्हता. तपासणी नमुन्याची झाली, मालाची कोणी केलीच नाही. पातेल्यातलं पाणी पावडर पडताच दुधाळ झालं होतं. हात तिथेच थांबायला हवा होता.

डबा उघडल्यावर घरीच होणारी तपासणी अशी. ९५ मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम पावडर ढवळा आणि ग्लास वर्तमानपत्रावर ठेवा. पाण्यातून खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग त्यात सायट्रिक आम्ल घालत पीएच ४.६ पर्यंत न्या आणि अर्धा तास ठेवा. गोळे तळाशी बसले तर दूध पावडर किंवा न तोडलेलं केसिनेट (केसिनचा क्षार) समजा. तिसरी गोष्ट, जुन्या स्टीलच्या चमच्यात चिमूटभर पावडर गॅसवर धरा. प्रोटीन जळलं की केस जळल्याचा वास येतो. आधी खरपूस साखरेचा वास येऊन काळा फेस फुगला तर लॅक्टोज (दुधातली साखर) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली पावडर) आहे. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मी लॅक्टोजच असते, प्रोटीन साधारण ३५ टक्के.

आयोडीनच्या थेंबावर बरेच जण विसंबतात. आयोडीन स्टार्च पकडतं. माल्टोडेक्स्ट्रिन बारीक तुटलेलं असेल तर रंगच येत नाही आणि भेसळ खपून जाते. साखर ओळखणारं बेनेडिक्ट द्रावण पावडरीच्या पाण्यात मिसळून, उकळत्या पाण्यात ठेवून विटकरी रंग येतो का ते पाहणं जास्त उपयोगी. शाळेच्या प्रयोगशाळेतही ते असतं.

‘प्रोटीन ९० टक्के’ या आकड्यालाही भुलू नका. प्रयोगशाळा बहुधा नायट्रोजन मोजते आणि दुधाच्या प्रोटीनसाठी ६.३८ ने गुणते. नायट्रोजन कुठून आला हे त्या आकड्याला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन घालण्यामागे हीच युक्ती होती. मेलामाइनमध्ये ६६ टक्क्यांवर नायट्रोजन असतो, म्हणजे त्याचा १ ग्रॅम कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रोटीन ठरतो. बाययुरेट चाचणी, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मोरचुदाचे दोन थेंब, खऱ्या प्रोटीनलाच जांभळी होते. कॉस्टिकला हातमोजे आणि चष्मा हवाच.

भावाचं गणितही करून पाहा. लिटरभर दुधात सुमारे ३३ ग्रॅम प्रोटीन. ९० टक्क्यांच्या एका किलोला साय काढलेलं २७ लिटर दूध लागतं, दूध पावडरीच्या किलोला साधारण ११. दूध आणंदचं असो की आणखी कुठलं, गणित बदलत नाही. त्यावर एन्झाइम, गाळणं, सुकवणं यांचा खर्च, म्हणून दूध पावडरीच्या भावात मिळणाऱ्या मालावर शंका घ्या. निवळीपासूनचं व्हे स्वस्त पडतं, पण मग पाकिटावर तसं लिहिलेलं हवं.

द्रवरूप मालात चोरी पाण्याची असते. ‘२० टक्के’ म्हणून घेतलेले १० ग्रॅम वाटीत १०५ अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत सुकवले की २ ग्रॅम राहायला हवेत. उरलेला थर काचेसारखा तडकला तर प्रोटीन. चिकट, ओलसर राहिला तर ग्लिसरीनने वजन भरलंय.

पक्कं बिल मागा आणि एचएसएन कोड, म्हणजे मालाचा वर्ग सांगणारा आकडा, वाचा. हायड्रोलायझेट ३५०४ मध्ये येतं, केसिन ३५०१ मध्ये, दूध पावडर ०४०२ मध्ये. दुकानदार डब्यावर काहीही छापतो, जीएसटीच्या बिलावर मात्र पुष्कळदा खरं लिहून बसतो. या डब्याच्या बिलावर ०४०२ च होतं.

माल अस्सल असला तरी दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला तो चालत नाही, तेव्हा लेबलवर दूध स्पष्ट लिहा. जपानमध्ये हायड्रोलाइज्ड गहू प्रोटीनच्या साबणाने २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली होती.

फसलात तर डबा रिकामा करू नका. १०० ग्रॅम पावडर साक्षीदारांसमोर सीलबंद करून तारीख घाला, नमुन्याचं पाकीट, बिल आणि चॅट जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही असं दुकानदार सांगेल. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेला माल बसतो. तक्रारीत हे पहिल्याच ओळीत लिहा.