शीच्या नमुन्यावर सीबीनॅट: मुलांच्या टीबीसाठी कसं आहे?

मी सरकारी रुग्णालयाच्या टीबी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. बालरोग वॉर्डात भरती होणाऱ्या मुलांच्या फुप्फुसाच्या टीबीवर आमच्याकडे अभ्यास चालू आहे आणि त्याचे नमुने माझ्या टेबलावर येतात. मोठ्या माणसाचा बेडका असेल तर सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी, छान काम करतं, त्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. हा अभिप्राय फक्त मुलांपुरता.

पाच वर्षांखालचं पोर बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. त्यात मुलांच्या टीबीत जंतू मुळातच कमी. स्मिअरमध्ये, म्हणजे नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार तरी लागतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला (नमुना भरून यंत्रात घालायची डबी) शंभराच्या वर लागायचे, नव्या 'अल्ट्रा' कार्ट्रिजला सोळाच्या आसपास पुरतात. म्हणून मुलाचा नमुना असेल तर अल्ट्रा आहे का, हे आधी विचारा. निकाल साधारण दीड तासात येतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही बहुतेक वेळा त्यातच कळतं. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. तापाने फणफणलेल्या, वजन उतरलेल्या पोराच्या आईला ते ४२ दिवस कसे सांगायचे?

आजवरची रीत म्हणजे जठरातलं पाणी काढायचं. मूल रात्रभर उपाशी ठेवायचं, पहाटे ते उठायच्या आत नाकातून नळी घालायची. सिस्टर डोकं धरतात, आई पाय धरते, पोर जिवाच्या आकांताने रडतं. आलेलं पाणी आंबट असतं, म्हणून उशीर होणार असेल तर त्यात सोडा बायकार्ब घालायचा आणि धावतपळत लॅबला पोचवायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. काही आया दुसऱ्या दिवशी सरळ नको म्हणतात, आणि मला त्यांचं मुळीच चुकीचं वाटत नाही.

शीच्या नमुन्याला यातलं काही लागत नाही. गिळलेल्या बेडक्यातल्या जंतूंचा डीएनए शीतून बाहेर येतो आणि यंत्राला तोच हवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मुलांसाठी शीचा नमुना मान्य केला. आम्ही वापरतो ती पद्धत सोपी आहे. साधारण ०.८ ग्रॅम शी काडीने उचलून आठ मिलिलिटर रिएजंटच्या (तपासणीसाठीच्या रसायनाच्या) बाटलीत टाकायची, जोरात हलवायची, दहा मिनिटं ठेवायची, पुन्हा हलवायची, पुन्हा दहा मिनिटं. मग वरचं दोन मिलिलिटर पाणी कार्ट्रिजमध्ये. सेंट्रिफ्यूज नाही, जास्तीचं उपकरण नाही. परवा एक आई डबी पुढे करून संकोचत म्हणाली, "मॅडम, एवढीशीच झाली हो." म्हटलं, "ताई, वाटाण्याएवढी लागते, ही तर भरपूर आहे." तिचा चेहरा एकदम सैल झाला.

काम करणाऱ्यांसाठी एक सांगते. गाळ नीट खाली बसू द्या. पिपेटमध्ये कण आला की आत दाब वाढतो, २००८ नंबरची एरर येते आणि कार्ट्रिज वाया जातं. खोलीत एसी आणि यूपीएस हवाच, तीस अंशांच्या वर यंत्राला सोसत नाही. जिथे हे जमत नाही तिथे गोव्यात तयार होणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे तशाच तपासणीचं यंत्र बेडक्यासाठी बरं पडतं.

आता उणी बाजू, आणि मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय. शीत जंतू सापडले तर निकालावर भरवसा ठेवा. अल्ट्रामध्ये "ट्रेस", म्हणजे जंतूंचा अगदी पुसटसा माग, आलं तरी मुलांच्या बाबतीत ते पॉझिटिव्हच धरायचं, त्यात रिफाम्पिसिनचं मात्र कळत नाही. पण सापडले नाहीत म्हणजे टीबी नाही, असं अजिबात नाही. कल्चरमध्ये जंतू वाढलेल्या मुलांपैकीही शीच्या तपासणीत जेमतेम निम्मी किंवा थोडी जास्त पकडली जातात. आमच्याकडे दोन वर्षांची एक मुलगी भरती होती. वडिलांचा बेडका पॉझिटिव्ह, तिच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या मुळाशी गाठी, वजन वाढतच नव्हतं. शी निगेटिव्ह, जठराचं पाणीही निगेटिव्ह. तरी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी औषधं सुरू केली. महिन्याभराने ती वजनकाट्यावर स्वतःहून चढून बसली आणि काटा पुढे सरकला होता. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: दहा वर्षांखालच्या मुलांत लक्षणं, घरातला रुग्ण आणि एक्स-रे बघून उपचार ठरवा, जंतू दिसायची वाट बघत बसू नका. आपल्याकडे मात्र रिपोर्ट निगेटिव्ह आला की पोराला खोकल्याचं औषध देऊन घरी धाडणारे अजून भेटतात. याचा मला फार राग येतो.

नळीला पर्याय म्हणून पाचपैकी साडेचार, एकट्याच्या भरवशावर निदान करायला अडीच.

सरकारी लॅबमध्ये तपासणी मोफत आहे. मूल भरती असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, "शीचा नमुना चालेल का?" घट्ट झाकणाची कोरडी डबी घ्या, लघवी मिसळू देऊ नका, नाव आणि वेळ लिहून त्याच दिवशी पोचवा. घरात कुणाला टीबी असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगून टाका, कुणी विचारायची वाट बघू नका.