५०:५० की ४५:५५? स्टुडंट फॉर्म्युलाच्या गाडीचं वजन कुठे ठेवायचं

स्टुडंट फॉर्म्युला म्हणजे इंजिनीअरिंगच्या पोरांनी स्वतः छोटी रेसकार बांधून उतरायची स्पर्धा. त्या गाडीचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मं-निम्मं ठेवायचं, की पुढे ४५ आणि मागे ५५ टक्के, हा प्रश्न. उसाची गच्च भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर वळत नाही. भार नाही तर पकड नाही, हे सोलापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून भार चारही चाकांवर जितका सारखा, तितकी एकूण पकड जास्त.

मग ५०:५० च बरं? उभ्या गाडीत, हो. ड्रायव्हरसकट २८० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १५५ सेंमी, गुरुत्वमध्य ३० सेंमी उंचीवर, असं धरा. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतका, कडक ब्रेक लागला की साधारण ५४ किलो भार मागून पुढे सरकतो. ५०:५० च्या गाडीत पुढे १९४, मागे ८६ उरतात. ४५:५५ मध्ये १८० आणि १००. ब्रेकला दुसरी सरस. वळणातून बाहेर पडतानाही तीच पुढे, कारण ओढणारी चाकं मागची आणि भारही तिथेच. २०११ च्या फॉर्म्युला वनमध्ये ६४० किलोच्या गाडीला पुढे किमान २९१ आणि मागे किमान ३४२ किलो असा नियमच होता.

तरी पहिलीच गाडी बांधत असाल तर मी ५०:५० च्या जवळ राहायला सांगेन. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची चाकं हलकी होऊन घसरू लागतात. त्या वेळी मागे वजन जास्त असेल तर गाडी गर्रकन फिरते, सावरायला सवड मिळत नाही. मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ मागे रुंद टायर घालते ते यासाठीच. तुमचे चारही टायर एकाच मापाचे असतील. एक मोसम गाडी हाताळलेला ड्रायव्हर असेल, तर मात्र बिनधास्त ४५:५५ घ्या.

हे चासी (गाडीचा सांगाडा) वेल्ड करण्याआधीच ठरवा. ५०:५० वरून ४५:५५ वर जायचं म्हणजे १४ किलो भार मागे न्यायचा. त्यासाठी ड्रायव्हर आणि इंजिन मिळून १२० किलो धरले तर ते १८ सेंमी मागे सरकवावे लागतात. नंतर ३ किलोची बॅटरी मीटरभर हलवून २ किलोही सरकत नाहीत.

आणि दोन्हींपैकी काहीही निवडा, सीट नि इंजिन खाली घ्या. गुरुत्वमध्य ३ सेंमी उतरला तरी ब्रेकमध्ये सरकणारे ५४ किलो ४९ वर येतात.