मुरमाचं वय काढून देणारी आर्गॉन-आर्गॉन सेवा: खानदेशातल्या नमुन्यांसाठी

खानदेशातला काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कुजून मुरूम कधी झाला, हा निराळा प्रश्न. खनिजातल्या पोटॅशियमपासून काळाबरोबर साचलेला आर्गॉन वायू मोजून वय काढणारी आर्गॉन-आर्गॉन प्रयोगशाळा त्याचं उत्तर देऊ शकते, पण नमुना चुकला तर पैसे पाण्यात.

पिशवीभर मुरूम पाठवू नका. त्यात मूळ दगडातल्या, न कुजलेल्या फेल्डस्पार खनिजाचे कण उरलेले असतात. त्यांचा जुना आर्गॉन मिसळला की वय ना लाव्ह्याचं निघतं, ना कुजण्याचं. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या खाणींतले देखणे झिओलाइट स्फटिकही कामाचे नाहीत: लाव्हा थिजल्यावर गरम पाण्यातून ते तयार झाले, पावसापाण्याने नव्हे. दगडाच्या पोकळीतल्या सेलाडोनाइट या हिरव्या खनिजात पोटॅशियम भरपूर, म्हणून मोह होतो. पण त्याची अडचणही बहुधा झिओलाइटसारखीच.

हवं असतं ते पाणी मुरताना भेगांत बसलेलं, पोटॅशियमयुक्त मँगनीज ऑक्साइड, म्हणजे क्रिप्टोमेलेन. पुट फोडून बघा. आतून निळसर-काळं, घट्ट, पोलादी चमकेचं असेल तर घ्या. बोटाला काळं लागत असेल तर सोडा. आपल्याकडे ही पुटं बहुतेकदा पातळच, त्यामुळे शोधायला वेळ ठेवा. अर्धा ते दोन मिलिमीटरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे आणि एकाच दगडातले निदान दोन-तीन कण वेगवेगळे मोजून घ्यायचे.

पुढचं काम प्रयोगशाळेचं. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून पोटॅशियम-39 चा आर्गॉन-39 करतात (त्यावरून पोटॅशियम किती ते कळतं), मग लेझरने टप्प्याटप्प्याने तापवून वायू मोजतात. चिकणमातीचे बारीक कण इथे दगा देतात: माऱ्याच्या धक्क्याने आर्गॉन-39 कणाबाहेर उडतो आणि वय फुगतं. नमुना मातीचाच असेल तर काचेच्या निर्वात नळीत बंद करून मारा देतात का, हे आधी विचारा.

गोएथाइट या लालसर-तपकिरी लोहखनिजात पोटॅशियम नसल्यातच जमा, म्हणून त्याला युरेनियम-थोरियमपासून साचलेला हेलियम मोजणारी युरेनियम-थोरियम-हेलियम पद्धत. तिथे लेझरने कण जास्त तापवला तर युरेनियम उडून वय खोटं वाढतं.

अहवालात नुसता अंतिम आकडा घेऊ नका. प्रत्येक टप्प्याचं वय मागा. लागोपाठ निदान तीन टप्पे जुळले आणि त्यांत निम्म्याहून जास्त आर्गॉन-39 असला, तरच तो आकडा नकाशावर चढवा.