घरातलं माणूस गेल्यावर: शोक रजा घ्यावी की साठवलेली पी.एल.?

माणूस गेल्यावर वेगळी पगारी रजा दिलीच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे खासगी नोकरीत कायद्याने नाही. तरी काही कंपन्या स्वतःहून 'शोक रजा' देतात आणि मग अर्ज कोणता भरायचा हा प्रश्न येतो. वडील गेले तेव्हा मलाही तो पडला. नोकरी धुळ्याला, गाव शहादा तालुक्यात.

शोक रजेचं चांगलं ते आधी सांगतो. शिल्लक कापली जात नाही, फोनवर कळवलं तरी भागतं, कुणापुढे कारणं मांडावी लागत नाहीत. नुकत्याच लागलेल्या मुलाकडे पी.एल., म्हणजे कामाच्या दिवसांवर साठत जाणारी हक्काची पगारी रजा, साठलेलीच नसते, त्याला हीच आधाराची. नोकरी आणि घर एकाच गावात असेल तर कदाचित पुरेलही.

माझं अडलं ते एका अटीवर. आमच्या कंपनीत ही रजा तीन दिवसांची आणि सलग, मोजणी मृत्यूच्या तारखेपासून, मधला रविवार धरून. वर तिला दुसरी रजा जोडता येत नाही. चौथ्या दिवशी मस्टरवर सही हवीच.

आता आपल्याकडचे पहिले तीन दिवस डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर सतरंजी, दारावर येणाऱ्यांची रीघ, जेवणाचे डबे भाऊबंदांकडून, चहा शेजारून. मुलानं भिंतीला टेकून बसायचं आणि येईल त्याला शेवटची रात्र कशी गेली ते पुन्हा सांगायचं. घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी काही करू देत नाही. रजा संपते तेव्हा दहावा व्हायचा असतो, प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावर जायचं असतं, गंधमुक्ती बाकी असते.

आणि खरी गरज मला तर त्याच्याही पुढे जाणवली. तेराव्यानंतर बहिणी सासरी गेल्या, मामा त्यांच्या शेतात. काका निघताना म्हणाले, "मायले एकली सोडू नको, भाऊ." आमच्याकडे शेतीपंपाला रात्रीची लाईट असायची, वडील त्या वेळेला उठून मोटार सुरू करायला जायचे. आई त्याच वेळेला जागी व्हायची आणि विचारायची, "लाईट आली का?" उत्तर द्यायला घरात कुणीतरी असणं गरजेचं होतं. त्या दिवसांसाठी शोक रजेत जागाच नाही.

कागदपत्रांचंही तेच. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, मग दाखला, मग बँक. सातबाऱ्यावर वारस लावायला तीन महिन्यांत अर्ज द्यायचा, त्यानंतर हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ही कार्यालयं उघडी असतात ती आपल्या कामाच्या दिवशीच.

म्हणून मी पी.एल. टाकली, तीही दोन तुकड्यांत: एक तेराव्यापर्यंत, दुसरा त्यानंतर. दुकानं-कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात, वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे (2025 च्या दुरुस्तीआधी दहा), वीस दिवसांच्या कामाला एक दिवस या हिशोबाने ही रजा मिळते आणि 45 दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षाच्या आठ सी.एल. (किरकोळ रजा) वेगळ्या, पण त्या वर्षअखेरीला बुडतात. पी.एल. टाकली की पुढे मिळणारे रजेचे पैसे कमी होतात, मंजुरीही घ्यावी लागते. शिवाय वडील गेल्यावर स्वतःचीच साठवलेली रजा खर्च करावी लागते, हे मला आजही योग्य वाटत नाही.

रजा तोडून देणं अशक्य आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2020 पासून अठरा वर्षांखालचं मूल गेलेल्या आईवडिलांना दोन आठवड्यांची रजा आहे. ती एकेक आठवडा वेगळी घेता येते, मृत्यूनंतर 56 आठवड्यांच्या आत कधीही.

तुमच्या कंपनीत शोक रजेला पी.एल. जोडता येत असेल तर दोन्ही घ्या, प्रश्नच मिटला. नसेल, आणि शिल्लक बऱ्यापैकी असेल, तर मी पी.एल.कडे झुकेन. जोडता येते का हे एचआरला आजच मेल करून विचारून ठेवा, उत्तर लेखी घ्या. त्या दिवशी फोनवर हे विचारण्याची ताकद कुणात नसते.